गॅल्व्हेस्टनच्या खाजणात ट्राउट आणि रेडफिश: नवीन माणसाने गरवायला सुरुवात कशी करायची

ह्यूस्टन, केटी, शुगरलँड, पिअरलँड या भागात आपली मराठी माणसं खूप आहेत आणि त्यातली बहुतेक सगळी गॅल्व्हेस्टनला जाऊन आलेली असतात, पण जातात ती समुद्राच्या बाजूला, बीचवर. बेटाच्या पाठीमागे जी खाडी आहे तिकडे फारसं कोणी वळत नाही. खरी मासेमारी तिकडे आहे. वेस्ट बे, तिच्या कडेने मैलोन्मैल पसरलेलं खारं गवत, त्यातून वळणं घेत जाणारे चिखलाचे ओहोळ, म्हणजे आपलं खाजणच, फक्त खारफुटीच्या जागी गवत. इथे दोन मासे असे आहेत की ज्यांच्यासाठी टेक्सास-लुइझियानातली माणसं पहाटे उठून गाड्या काढतात, एक स्पेकल्ड ट्राउट आणि दुसरा रेडफिश. ज्यांनी आजवर रॉड हातात धरला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय, आणि बोट नाही असंच धरून चाललोय. बोट लागत नाही, सुरुवातीला तर नकोच.

आधी मासे समजून घ्या. ट्राउट म्हणतात म्हणून नदीतला ट्राउट डोळ्यासमोर आणू नका, हे दोन्ही मासे आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातले, पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून आवाज काढणारे. रेडफिश तांबूस रंगाचा, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका (कधी दोन-तीन किंवा जास्तही असतात), आणि महत्त्वाचं म्हणजे त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं, तो तळाचा चिखल उकरून खेकडे आणि कोळंबी खातो. ट्राउट चंदेरी, पाठीवर, वरच्या परावर आणि शेपटीवर काळे ठिपके, पुढे दोन सुळे, पण जबड्याची कड एकदम नाजूक. तो वरच्या आणि मधल्या पाण्यात कोळंबी आणि छोट्या माशांवर झडप घालतो. आमिष किती खोल ठेवायचं, ओढ लागल्यावर हात कसा चालवायचा हे सगळं या फरकावरच ठरतं.

लायसन्स आणि माप

लायसन्सशिवाय पाण्यात दोरी टाकू नका, गेम वॉर्डन (शिकार-मासेमारीचे नियम तपासणारे अधिकारी) खरंच येऊन बघतात आणि दंड होतो. टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफच्या साइटवर किंवा वॉलमार्ट, अकॅडमीसारख्या दुकानात मिळतं. सलग सहा महिने टेक्सासमध्ये राहिला असाल तर रेसिडेंटच्या भावात, खाऱ्या पाण्याचं पॅकेज ३५ डॉलर, बाहेरच्यांना ६३. लायसन्सचं वर्ष ऑगस्टअखेर संपतं त्यामुळे जुलैत घेतलं तर महिनाभरातच पुन्हा पैसे भरायचे, तेव्हा उन्हाळ्यात सुरुवात करत असाल तर घेतल्या दिवसापासून वर्षभर चालणारं पॅकेज घ्या. १७ वर्षांखालच्या मुलांना लायसन्स लागत नाही. भारतातून आई-बाबा आलेत आणि त्यांना एकदा न्यायचंय तर एका दिवसाचं लायसन्स मिळतं, पण त्याहून सोपं म्हणजे गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्कमध्ये जा, टेक्सासच्या स्टेट पार्कच्या हद्दीत मासे धरायला लायसन्सच लागत नाही. मापाचे नियम मात्र तिथेही लागू.

माप असं आहे: ट्राउट १५ ते २० इंचांमधला, दिवसाला ३. रेडफिश २० ते २८ इंचांमधला, दिवसाला ३. त्याहून मोठा ठेवायचा तर लायसन्सबरोबरचा टॅग लावावा लागतो, आणि ट्राउटच्या बाबतीत तो २८ इंच किंवा जास्तच पाहिजे, म्हणजे २० ते २८ मधला ट्राउट सोडायचाच. तोंड मिटून, शेपटी चिमटीत दाबून, पूर्ण लांबी मोजायची. किनाऱ्याला येईपर्यंत माशाचं डोकं-शेपूट काढायचं नाही. आणि कोकणातल्या मंडळींसाठी खास, पाग (हाताने फेकायचं गोल जाळं) टाकून हे मासे धरायचे नाहीत, दोन्ही गेम फिश आहेत, फक्त रॉड आणि दोरीनेच धरता येतात, पाग फक्त आमिषाचे छोटे मासे धरायला चालतो. नियम अधूनमधून बदलतात म्हणून निघण्याआधी त्यांच्या आउटडोर अॅन्युअल अॅपवर एकदा बघून घ्याच.

हे नियम एवढे कडक का ते माहीत असेल तर मासा सोडताना जीव कमी जळतो. १९८० च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचा शेफ पॉल प्रुडोम याच्या ब्लॅकन्ड रेडफिशची (मसाला लावून काळपट भाजलेला) एवढी क्रेझ आली की मेक्सिकोच्या आखातातला रेडफिश उपसला गेला. टेक्सासने १९८१ लाच दोन्ही माशांची विक्री बंद केली होती, आजही इथे हॉटेलात जो रेडफिश मिळतो तो फार्ममधला असतो. रेडफिश पहिली तीन-चार वर्षं खाडीत काढतो आणि मग समुद्रात जाऊन पुढे पस्तीस-चाळीस वर्षं प्रजा वाढवत राहतो, म्हणून २८ च्या वरचे जाऊ द्यायचे. ट्राउटमध्ये मोठे मासे बहुतेक माद्या. त्यात फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्सासच्या किनाऱ्यावर लाखो मासे गारठून मेले आणि ट्राउटला मोठा फटका बसला, त्यानंतर मर्यादा आणखी घट्ट केल्या. मला वाटतं नवीन माणसाने पहिल्यापासूनच ही सवय लावावी, तीन मिळाले की पुरे, घरच्यांना एका जेवणाला भरपूर होतात. मुलं असतील तर लेक जॅक्सनचं सी सेंटर टेक्सास दाखवा, तिथे रेडफिशची पिल्लं वाढवून खाडीत सोडतात आणि मोठाले मासे काचेतून जवळून बघता येतात.

सामान

दुकानात गेलात की माणूस चक्रावतो एवढं सामान असतं, त्यातलं ९० टक्के तुम्हाला नकोय. सात फुटाचा मीडियम-लाइट स्पिनिंग रॉड, त्यावर २५०० किंवा ३००० साइजचं रीळ, रिळात १० ते १५ पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, पुढे लावायला २० पाउंडाचं फ्लोरोकार्बन, म्हणजे पाण्यात सहसा न दिसणारी दोरी. काही पॉपिंग कॉर्क, म्हणजे तरंगणारी, ओढली की आवाज करणारी बुचं, छोटे सर्कल हुक म्हणजे गोल वळणाचे गळ, एक अष्टमांश आणि एक चतुर्थांश औंसाचे जिगहेड, म्हणजे डोक्याशी वजन असलेले गळ, त्यावर लावायची तीन-चार इंची प्लास्टिकची शेपटीवाली आमिषं, आणि एक सोनेरी चमचा, म्हणजे चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष, वीडलेस, गवतात न अडकणारं. पक्कड, मापपट्टी, छोटी जाळी, बर्फाचा कूलर, पोलराइज्ड गॉगल. गॉगल फॅशनसाठी सांगत नाहीये, पाण्यावरची चमक कापली गेली की तळ दिसतो आणि कधीकधी मासाही दिसतो, साध्या गॉगलने हे होत नाही. रीळ मात्र खाऱ्या पाण्याचं घ्या आणि घरी आल्यावर दरवेळी गोड्या पाण्याने हलकेच धुवा नाहीतर एका मोसमात गंजून बसेल.

गाठी दोनच शिका पण घरी बसून डोळे मिटून बांधता येतील इतक्या शिका, ब्रेडला फ्लोरोकार्बन जोडायला डबल युनी आणि गळ बांधायला इम्प्रूव्हड क्लिंच. ओढून घट्ट करण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची, कोरडी ओढली तर घर्षणाने फ्लोरोकार्बन कमजोर होतं.

भरती-ओहोटी, म्हणजे खरा विषय

आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या माणसाला सहा-सहा तासांचं गणित पाठ असतं, दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे छोटी भरती. ते गणित इथे घेऊन आलात तर फसाल. या आखातात बऱ्याच दिवशी एकच भरती आणि एकच ओहोटी असते, आणि मुंबईला उधाणात पाणी चार मीटरच्या वर चढतं तिथे इथे सगळा मिळून फूट-दोन फुटाचा खेळ. पाण्याची मोठी हालचाल चंद्र विषुववृत्ताच्या जास्तीत जास्त उत्तरेला किंवा दक्षिणेला असतो त्या दिवसांत होते, मग तेव्हा पौर्णिमा असो नसो. म्हणून तिथी बघू नका, नोआच्या (NOAA, अमेरिकेचं समुद्र-हवामान खातं) साइटवर गॅल्व्हेस्टन पिअर २१ चा तक्ता उघडा आणि रेघ कधी तिरकी आहे ते बघा. रेघ तिरकी म्हणजे पाणी चाललंय, आडवी म्हणजे पाणी थांबलंय. चालतं पाणी पाहिजे, चढतं की उतरतं हा नंतरचा प्रश्न.

आणि चंद्राइतकाच, कधीकधी त्याहून जास्त, वारा महत्त्वाचा. खाडी उथळ आहे, दक्षिण-पूर्वेचा वारा दोन दिवस जोरात वाहिला की तक्त्यात ओहोटी लिहिलेली असताना पाणी गवतात भरलेलं दिसतं, आणि हिवाळ्यात उत्तरेचा थंड वारा सुटला की एवढं पाणी समुद्रात ढकललं जातं की खाजण अक्षरशः कोरडं पडतं. अशा वेळी पिअर २१ च्या तक्त्यात अंदाजाची रेघ आणि प्रत्यक्षातली रेघ दोन्ही दिसतात, दोन्हींत किती फरक आहे ते बघायची सवय लावा, आठवडाभर नुसतं घरून बघितलंत तरी डोक्यात बसेल.

आता याचा उपयोग. भरतीत पाणी गवतात शिरतं आणि त्याच्यामागून रेडफिश शिरतो, तेव्हा गवताच्या कडेकडेने गळ टाकायचा. ओहोटीत तेच पाणी ओहोळांमधून बाहेर पडतं आणि बरोबर कोळंबी, खेकडे, छोटे मासे घेऊन येतं, आणि ट्राउट-रेडफिश ओहोळाच्या तोंडाशी तयारच असतात. नवीन माणसाला मी ओहोटीच सांगेन. भरतीत मासा एवढ्या मोठ्या गवतात कुठेही असू शकतो, ओहोटीत तो त्या चार-सहा फुटाच्या तोंडाशी येतो. ओहोटीचे पहिले दोन-तीन तास, सकाळच्या वेळी जुळले तर सोन्याहून पिवळं.

जागा

पहिल्यांदा जायचं तर गॅल्व्हेस्टन आयलंड स्टेट पार्कची खाडीकडची बाजू. एंट्री फी आहे, शनिवार-रविवारी आधी रिझर्व्हेशन केलेलं बरं. पायवाटा आहेत, गवत आहे, ओहोळ आहेत, कयाकसाठी आखलेल्या वाटाही आहेत. टेक्सास सिटी डाइक हा पाच मैल लांब बांध, गाडीतून उतरून लगेच गळ टाकता येतो, आई-बाबांना किंवा लहान मुलांना घेऊन जायला ती जागा सोयीची, पण तिथे खाजण नाही. बेटाच्या पश्चिम टोकाला सॅन लुइस पास आहे, तिथे मासे भरपूर आहेत आणि तिथेच पाण्यात उतरायचं नाही. प्रवाह फार ओढतो, तळ एकदम खोल जातो, माणसं दगावलेली आहेत. काठावरूनसुद्धा पोरांना जपा.

लुइझियानाचं खाजण याहून खूप मोठं, हॅकबेरी, ग्रँड आइल, व्हेनिस ही नावं तुम्ही ऐकालच, पण त्यांचं लायसन्स वेगळं, मापं वेगळी, आणि तिथलं पुष्कळ पाणी खाजगी मालकीचं आहे, त्यामुळे पहिल्या वेळी गाइड घेऊनच जा.

पाण्यापाशी पोचलात की लगेच गळ टाकू नका, पाच-दहा मिनिटं नुसतं बघा. बोय मासे उड्या मारताहेत का, कारण बोय आहेत म्हणजे त्यांना खाणारेही असण्याची शक्यता. कोळंबी पाण्यावर टपटप उडतेय म्हणजे खालून कोणीतरी मागे लागलंय. सीगल पक्षी एका जागी घिरट्या घालत पाण्यात झेपावताहेत तर खाली बहुतेक ट्राउट. पाण्यावर तेलकट गुळगुळीत पट्टा दिसला आणि कलिंगडासारखा वास आला तर जवळपास ट्राउट नुकतंच खाऊन ओकलेत, हे इथले जुने लोक सांगतात आणि ते खरं आहे. अगदी उथळ पाण्यात तांबूस शेपटी वर येऊन हलताना दिसली तर तो रेडफिश, डोकं खाली घालून खेकडे उकरतोय. मग जागेवर थांबा, पाय आपटू नका, आणि आमिष त्याच्या डोक्यावर न टाकता पुढे तीन-चार फूट टाकून हळू त्याच्या वाटेत आणा.

गळ टाकणं

पॉपिंग कॉर्क आणि जिवंत कोळंबी, याहून खात्रीची जोडी नवीन माणसासाठी नाही. किनाऱ्यावरच्या बेट कॅम्पवर, म्हणजे आमिषाच्या दुकानात, जिवंत कोळंबी मापाने मिळते, हवेचा छोटा पंप लावलेली बादली बरोबर न्या नाहीतर उन्हाळ्यात अर्ध्या तासात मरते. कॉर्कच्या खाली दीड-दोन फूट फ्लोरोकार्बन, पाणी गुडघाभर असेल तर कमी, टोकाला गळ. कोळंबीच्या डोक्यात जो काळा डाग दिसतो तो टाळून शिंगाच्या मागून गळ आरपार घालायचा, डागाला लागलं तर ती मरते आणि मेलेली कोळंबी शिंगाळ्यांना (कॅटफिश) आवडते.

ओहोळाच्या तोंडाच्या थोडं वरच्या अंगाला टाका म्हणजे प्रवाह कॉर्कला आपसूक तोंडाशी आणेल. रॉडचं टोक झटकन एक फूटभर ओढा, कॉर्क डुबुक आवाज करेल, हा आवाज माशाला कोणीतरी कोळंबी मटकावतंय असा वाटतो. मग ढिली दोरी गुंडाळा आणि दहा-पंधरा सेकंद काही करू नका. नवीन लोक इथेच घाई करतात, सारखं सारखं डुबुक डुबुक करतात, मासा तर बहुतेक वेळा शांततेतच घेतो.

कॉर्क गायब झाला की जोरात झटका मारायचा नाही. सर्कल हुक असेल तर नुसती दोरी ताणत रीळ फिरवत रहा, गळ जबड्याच्या कोपऱ्यात स्वतः बसतो. ट्राउटचं तोंड फाटतं म्हणून दोरी ताठ पण हात मऊ ठेवा, तो पाण्याबाहेर डोकं काढून झटके देतो तेव्हा रॉड खाली घ्या. रेडफिश वेगळा, त्याचं तोंड चिवट आहे पण पहिली धाव अशी घेतो की रीळ किंचाळतं, तेव्हा रीळ फिरवू नका, पळू द्या. त्यासाठी ड्रॅग, म्हणजे किती ओढ लागल्यावर दोरी सुटायची ते ठरवणारा रिळाचा ब्रेक, आधीच दोरीच्या ताकदीच्या चौथाई-तिहाईवर ठेवलेला पाहिजे.

वीस-पंचवीस मिनिटांत काहीच नाही तर पुढच्या ओहोळावर जा. शिंगाळेच लागत असतील तर लगेच हला. हात बसला की कोळंबी सोडून जिगहेडवर या, आणि रेडफिशसाठी सोनेरी चमचा संथ गतीने गवताच्या कडेने ओढा, तो डगमगत आला पाहिजे, गरगर फिरता कामा नये.

सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर त्याला रोग लागतो. मोठा रेडफिश जबड्याला धरून लटकवू नका, पोटाखाली हात द्या, फोटो पटकन काढा, पाण्यात धरून तो स्वतः शेपटी मारेपर्यंत थांबा. ठेवायचा मासा सरळ बर्फात, टेक्सासच्या उन्हात बादलीत ठेवलेला मासा घरी पोचेपर्यंत खायच्या लायकीचा राहत नाही.

जपायचं काय

चिखलात उतरणार असाल तर पाय उचलून टाकू नका, घासत घासत चाला, तळाला पाकट लपलेली असते, पाय घासला तर ती पळते, वर पाय पडला तर काटा मारते. शिंगाळ्याचे पाठीवरचे आणि बाजूचे काटे विषारी आहेत, त्याला हाताने धरू नका, पक्कड वापरा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात म्हणून अनवाणी कधीच नाही. उन्हाळ्यात कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू वाढतात, अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरूच नका, यकृताचा आजार किंवा डायबेटिस असलेल्यांनी तर अजिबात नाही, आणि खरचटल्यावर लाली-सूज झपाट्याने पसरायला लागली तर सकाळपर्यंत वाट न बघता इमर्जन्सीत जा. ढग गडगडले की रॉड खाली ठेवून गाडीत बसा.

एक आणखी, ह्यूस्टन शिप चॅनल आणि गॅल्व्हेस्टन बेच्या उत्तरेकडच्या भागातले मासे खाण्याबद्दल डायऑक्सिन आणि पीसीबी या विषारी रसायनांमुळे राज्याच्या आरोग्य खात्याच्या सूचना आहेत, त्यात ट्राउट आणि शिंगाळा येतात. खाण्यासाठी मासे धरणार असाल तर तो भाग सोडा आणि सूचना वाचून जा, घरात गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर नक्कीच.

मोसम म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात चांगला, थंडी पडायला लागली की पांढरी कोळंबी खाजणातून समुद्राकडे निघते आणि तिच्यामागे सगळे मासे वेडे होतात. उन्हाळ्यात पहाटे जा, नऊ-दहाला आटपा. हिवाळ्यात ट्राउट खोल चिखलाच्या खड्ड्यात जाऊन बसतो, आमिष फारच हळू चालवावं लागतं. भाकसासारखा चपटा फ्लाउंडर मिळाला तर लक्षात ठेवा, १ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर तो ठेवता येत नाही.

खायचं कसं हे तुम्हाला मी सांगायला नको, तरी एवढंच की ट्राउट त्याच दिवशी संपवा, फ्रीजरमध्ये तो मऊ पडतो, हळद-तिखट-आगळ लावून रव्यात घोळवून तळला की आणखी काही लागत नाही. रेडफिशचं मांस घट्ट, तिरफळ घातलेल्या आमटीला छान. पण एकदा तरी इथल्या पद्धतीने करा, खवलं आणि कातडी तशीच ठेवून नुसती बाजू कापून घ्या, मांसाला आलं-लसूण, लाल तिखट, मीठ, थोडं लोणी लावा आणि खवल्यांची बाजू खाली करून ग्रिलवर ठेवा, झाकण लावा, उलटायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत होतं, खवलं करपतात पण मांसाला आच लागत नाही, आणि मग चमच्याने सरळ खवल्यांवरून काढून भातावर घ्यायचं.